तुम्ही विचारलंत म्हणून: एकट्या जाता, भीती नाही वाटत?

पुण्याच्या बोहरी आळीत माझं इमिटेशन दागिन्यांच्या सुट्या मालाचं दुकान आहे. मणी, हुक, साखळ्या, टिकल्यांची पाकिटं. यातला बराचसा माल चीनमधल्या यिवूचा. वर्षातून दोनदा मी तिकडे जाते, म्हणून गिऱ्हाइकापासून विहीणबाईंपर्यंत सगळे विचारतात, "एकट्या जाता, भीती नाही वाटत?"

वाटते की! पण चोराची नाही. रात्री अकराला बाजारातून हॉटेलवर मी चालत आलेली आहे. गणपतीत लक्ष्मी रोडला पर्स जितकी जपते, तितकीही तिथे जपत नाही. मला भीती वाटते उधारीची, त्यातही दुसऱ्याच्या.

2011च्या डिसेंबरात यिवूत दोन मुंबईकरांना तिथल्या व्यापाऱ्यांनी डांबून ठेवलं होतं. ज्या कंपनीत ते कामाला होते तिचा मालक पैसे थकवून पळाला, आणि हाती लागले हे दोघं. त्यांच्या सुटकेसाठी कोर्टात गेलेला आपला राजनैतिक अधिकारी तिथेच चक्कर येऊन पडला. यिवूत धंदा करू नका, अशी सूचना मग आपल्या दूतावासानेच काढली. आळीत तेव्हा दुसरा विषय नव्हता. तरी सगळे पुन्हा गेले. तो भाव दुसरीकडे मिळतो कुठे?

डांबणं हा तिथेही गुन्हाच. पण कायदेशीर वाटही आहे, आणि मला ती जास्त घाबरवते. जुलै 2013पासून लागू असलेल्या तिथल्या कायद्यानुसार परदेशी माणसावर साधा दिवाणी दावा पडून असला, तरी कोर्ट त्याला देशाबाहेर जायला मनाई करू शकतं. तुरुंग नाही, बेड्या नाहीत. विमानतळावर पासपोर्ट दाखवल्यावर कळतं.

एकदा माझ्या हॉटेलच्या रिसेप्शनवर तिघं येऊन बसले होते. पुण्याच्याच कुणीतरी त्यांचे पैसे थकवलेले. "तुमच्याच गावचे ना? तुम्ही द्या." आवाज चढला नाही, मला चहासुद्धा दिला, पण उठायचं नाव नाही. माझी दुभाषी आली, मी माझी बिलं मांडली. प्रत्येकावर कंपनीचा लाल शिक्का. तिकडे सहीपेक्षा त्या शिक्क्याला वजन. जाताना एकाने चिनीतला एक कागद पुढे केला, नुसतं साक्षीदार म्हणून सही करा म्हणाला. मी चष्मा नाही म्हणून सांगितलं. चष्मा डोक्यावर होता!

वकिलात आहे ना, असं लोक म्हणतात. आहे. अटक झाली तर वकिलातीला कळवा, असं सांगण्याचा हक्क 1963च्या व्हिएन्ना कराराने दिलाय. पण वकिलात म्हणजे वकील नव्हे. ते भेटायला येतील, वकिलांची यादी देतील. देणं फेडणार नाहीत आणि कोर्टात तुमच्या वतीने उभेही राहणार नाहीत.

दुबईला मी कमी जाते. तिथे पुढच्या तारखेचे चेक सर्रास चालतात. 2022पर्यंत चेक परतला की पोलीस केस होती. आता खात्यात पैसे कमी म्हणून सहसा फौजदारी होत नाही, पण तो चेक घेऊन थेट वसुलीला कोर्टात जाता येतं आणि प्रवासबंदी लागू शकते. आपल्याकडेही चेक बाउन्स हा गुन्हाच, पण इथे तारखा पडत राहतात आणि माणूस घरी जेवतो.

आणि बॅग. नणंद शारजाला असते. दिवाळीआधी माझी फेरी असली की सासूबाई अनारशांचा डबा बांधतात. एमिरातीत खसखस अफूच्या वर्गात धरतात, बंदीच आहे. लोक पकडले गेलेत. सासूबाईंना हे पटत नाही. "अगं, दोन चिमटी!" मग आमच्याकडे दरवर्षी निघायच्या आदल्या रात्री बॅग पुन्हा उघडली जाते. गेल्या वर्षी चकल्यांच्या खाली गोड्या मसाल्याची पुडी निघाली. त्यात खसखस घातली होती का, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.