गोटलंडची सहल: आधी बोट, मग खोली

स्वीडनला येणारे नातेवाईक आणि मित्र हल्ली स्टॉकहोमच्या जोडीला गोटलंडचं नाव हमखास काढतात. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो, राहायला कुठे स्वस्त पडेल? मी त्यांना सांगते, खोलीचं नंतर बघू, आधी बोटीचं बघा. बेटावरच्या सुट्टीचा खर्च तारखेवर ठरतो आणि तारीख बोटीवर.

गोटलंड बाल्टिक समुद्रात आहे, आपल्या गोव्याहून आकाराने थोडं लहान. स्टॉकहोमकडून जाणाऱ्यांची बोट निनेसहाम बंदरातून सुटते आणि सव्वातीन तासांच्या आसपास विस्बीला, बेटावरच्या मुख्य गावाला, पोचते. निनेसहामपर्यंत स्टॉकहोमची लोकलच जाते. तासाभराचा प्रवास, आणि शहरातल्या बस-मेट्रोचं साधं तिकीट तिथवर चालतं. बोटीचं भाडं मात्र मागणीप्रमाणे वर-खाली होतं. गाडी न्यायची असेल तर तिच्या जागेचे पैसे वेगळे, आणि जुलैतल्या शनिवार-रविवारी त्या जागा भराभर संपतात. पायी चढणाऱ्यांना त्या मानाने बरंच सोपं जातं.

आता तारखेचं. विस्बीत जूनअखेरीस आल्मेडालेनचा राजकीय सप्ताह भरतो. देशभरातले पुढारी, पत्रकार, संस्थांचे लोक एकाच वेळी त्या छोट्या गावात उतरतात. जुलैत निम्मा स्वीडन सुट्टीवर असतो. ऑगस्टच्या सुरुवातीला मध्ययुगीन सप्ताह येतो, तेव्हा गावभर लोक जुन्या काळचे पोशाख घालून हिंडतात. तो सोहळा सुंदर असतो आणि खास त्यासाठीच यायचं असेल तर जरूर या, पण मग खोली हिवाळ्यातच ठरवून ठेवावी लागते. फक्त बेट बघायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे: ऑगस्टचा शेवटचा आठवडा. स्वीडिश शाळा महिन्याच्या मध्याला सुरू होतात, गर्दी ओसरते, दर उतरतात आणि उन्हाळाभर तापलेल्या समुद्राचं पाणी अजून पोहण्याजोगं असतं. एकच गोष्ट सांभाळायची. याच सुमारास बसच्या फेऱ्याही कमी होतात.

राहण्यासाठी विस्बीच्या तटबंदीच्या आतली जागा सगळ्यात महाग. दगडी तटबंदी, गुलाबांच्या गल्ल्या, सगळं दारात. पण त्यासाठी तिथे मुक्कामच करायला हवा असं नाही. तटाच्या बाहेर पंधरा मिनिटं चालण्याच्या अंतरावर राहिलात तरी ते सगळं तुमचंच, आणि तट बघायला तिकीटही नाही. चार-पाच माणसं असाल तर मी स्टुगा सुचवेन. स्टुगा म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याने मिळणारं छोटं घर, स्वयंपाकघरासकट. भर हंगामात ती बऱ्याचदा शनिवार ते शनिवार अशीच देतात, म्हणून चारच दिवस राहणाऱ्यांना परवडत नाहीत. आणखी एक गोष्ट भारतातून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल हे भाड्यात धरलेले नसतात, आणि निघताना घर स्वच्छ करून द्यायचं असतं. दोन्हींसाठी जादा पैसे भरता येतात. पण स्वीडिश कुटुंबं चादरी घरून आणतात आणि शेवटच्या सकाळी सगळे मिळून झाडून-पुसून घेतात. आपणही तेच करावं. प्रवाशांसाठीची बरीच हॉस्टेलंही याच रीतीने चालतात.

बोट रात्री उशिरा पोचणारी असेल तर पहिला मुक्काम विस्बीतच ठेवा. तेव्हा दक्षिण टोकाकडच्या स्टुगापर्यंत बस मिळत नाही, आणि टॅक्सीचं बिल खोलीच्या भाड्याएवढं होऊ शकतं. तिकीट काढताना बोटीच्या वेळेजवळच हे लिहून ठेवा.

स्वयंपाकघर हाताशी असलं की जेवणाचा खर्च निम्म्याहून खाली येतो, हा माझा अनुभव आहे. तांदूळ, डाळ, भाज्या इथल्या सुपरमार्केटात मिळतात. गोडा मसाला आणि मेतकूट घरून आणा. पेढे, तूप मात्र आणू नका. युरोपीय संघाबाहेरून सामानात दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. एकदा तरी बाहेर बसून केशराचं पॅनकेक खा, सोबत रानबेरीचा मुरंबा देतात. पाणी नळाचंच प्या, पण जपून वापरा. चुनखडीच्या या बेटावर मातीचा थर पातळ आहे, पाणी फारसं साठत नाही आणि उन्हाळ्यात टंचाई असते.

फिरायला विस्बीच्या आसपास सायकल पुरते, ती बंदराजवळ भाड्याने मिळते. उत्तर आणि दक्षिण टोक बघायचं तर दोन दिवस गाडी घ्या, आठवडाभर ती उभी करून भाडं भरू नका. वाटेत नव्वदहून अधिक मध्ययुगीन चर्च आहेत. उन्हाळ्यात बरीच उघडी असतात आणि बघायला पैसे पडत नाहीत. उत्तरेचं फोरो बेट अजिबात चुकवू नका. फोरेसुंदहून पिवळी बोट तिथे गाड्यांसकट फुकट नेते, कारण सरकार तिला रस्त्याचाच भाग मानतं. फोरोवरचे, लांगहामर्सचे समुद्राने कोरलेले उंच दगड मला सगळ्या बेटावर सर्वात प्रिय आहेत. जुलैत बोटीसाठी गाड्यांची लांब रांग लागते, म्हणून सकाळी लवकर निघा. तंबूवाल्यांसाठी एवढंच: स्वीडनमध्ये उघड्यावर एक-दोन रात्री तंबू ठोकायची मुभा आहे, पण राखीव निसर्गक्षेत्रांत बहुधा मनाई असते आणि गोटलंडच्या किनाऱ्यावर अशी क्षेत्रं पुष्कळ आहेत. तिथला फलक वाचूनच थांबा.

आई-बाबांना आणायचं असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांची फी 90 युरो, आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत बोटीचं तिकीट बदलता येणाऱ्या प्रकारातलंच काढा आणि खोलीही रद्द करता येईल अशी घ्या. थोडे जास्त पैसे जातात, पण इथे ते देण्यासारखे आहेत.