कापडखात्यात घडलेला फुटबॉल संघ

बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या इमारतींचे पुढे काय करता येईल, याचा अभ्यास करणे हा संवर्धन वास्तुविशारद म्हणून माझ्या कामाचा भाग आहे. मुंबईच्या गिरणगावातल्या बऱ्याच चिमण्या माझ्या डोळ्यांदेखत पडल्या, त्यामुळे एखादी गिरणी कुठे उभी राहिली असेल तर ती कशाच्या बळावर राहिली, हे पाहण्याची मला फार उत्सुकता असते. रिओ दि जानेरोच्या पश्चिम टोकाला असलेल्या बांगू या उपनगरात मी गेलो तो अशाच एका अहवालासाठी. तिकडे जाणारी लोकल सांताक्रूझची असते (सांताक्रूझ तिथेही आहे) आणि बांगूला उतरताच शहरातल्या समुद्रवाऱ्याची आठवण यावी इतके उकडते. दोन डोंगरांच्या मध्ये सापडलेला हा भाग रिओतल्या सर्वांत उष्ण वस्त्यांपैकी एक आहे.

गिरणी चालवणाऱ्या कंपनीची स्थापना 1889 ची, उत्पादन सुरू झाले 1893 मध्ये आणि 2007 पासून त्याच लाल विटांच्या इमारतीत मॉल आहे. माझ्या टिपणवहीत भिंतींची जाडी, खिडक्यांच्या कमानी, छपराचे लोखंड असे रकाने आखलेले होते. सोबत माझी स्थानिक सहकारी होती, आणि तिच्या ओळखीने एक निवृत्त विणकर आम्हाला इमारत दाखवायला आले होते. त्यांनी मात्र आम्हाला आधी भिंतीकडे नेलेच नाही. मॉलबाहेर उभ्या असलेल्या, चेंडू खेळणाऱ्या एका माणसाच्या भल्या मोठ्या पुतळ्यापाशी नेले आणि इथून सुरुवात करा म्हणाले.

तो पुतळा थॉमस डोनोहो यांचा. ग्लासगोजवळच्या बझ्बी गावातून आलेले हे रंगारी कारागीर गिरणीच्या रंगखात्यात कामाला होते. त्यांनी मायदेशाहून आलेल्या चेंडूने 1894 मध्ये गिरणीलगतच्या मोकळ्या जागेत ब्राझीलमधला पहिला फुटबॉल सामना खेळवला, अशी बांगूकरांची ठाम श्रद्धा आहे. बाकीचा ब्राझील मात्र साओ पाउलोत चार्ल्स मिलर यांनी 1895 मध्ये भरवलेल्या सामन्यालाच पहिला मान देतो. या वादात पडण्याचे मला कारण नव्हते. मला महत्त्वाचे वाटले ते पुढचे. 17 एप्रिल 1904 रोजी गिरणीतल्या ब्रिटिश तंत्रज्ञांनी पुढाकार घेऊन बांगू अ‍ॅथलेटिक क्लब स्थापन केला, तेव्हा शहरापासून इतक्या लांब अकरा-अकरांचे दोन संघ भरतील इतके गोरे साहेब होतेच कुठे? श्रीमंतांच्या मुलांनी भरलेल्या फ्लुमिनेन्से क्लबला शहरात अशी अडचण नव्हती. बांगूला कामगार घ्यावे लागले. एका अर्थाने समतेची सुरुवात गरजेपोटी झाली, आणि मला वाटते, ते तसे सांगण्यात क्लबचा काही कमीपणा नाही.

1905 च्या संघाचे छायाचित्र सहकारीने मोबाइलवर काढून दाखवले. त्यात इंग्रज आहेत, इटालियन आहेत, पोर्तुगीज आहेत आणि त्यांच्याच रांगेत फ्रान्सिस्को कारेगल नावाचा कृष्णवर्णीय विणकर ऐटीत बसला आहे. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम 17 वर्षे झाली होती. कृष्णवर्णीय खेळाडूला संघात घेणारा पहिला क्लब आपणच, असा दावा काम्पिनास शहरातला पोन्ते प्रेता हा क्लबही करतो. तरी रिओपुरता बांगूचा मान निर्विवाद आहे. 1907 मध्ये रिओच्या लीगने कृष्णवर्णीयांची हौशी खेळाडू म्हणून नोंदणी करू नये असे ठरवले, आणि त्या वर्षी बांगू लीगमधून बाहेर पडला.

खेळ आणि गिरणी यांचा व्यवहार नेमका कसा चाले, हे त्या विणकरांनी मॉलच्या मधल्या मार्गिकेत उभे राहून समजावले. चांगला खेळणाऱ्या कामगाराला साच्यावरून, म्हणजे मागावरून, काढून कापडखात्यात पाठवत. तिथे काम हलके, कापड तपासायचे आणि घड्या घालायच्या. सरावाच्या दिवशी भोंग्याच्या आधी सुटी मिळायची. मुंबईतही मफतलाल आणि ओर्के मिलचे फुटबॉल संघ होते, त्यामुळे मला हा हिशेब ऐकता क्षणीच कळला. बोलता बोलता त्यांनी सदऱ्याच्या कडेचा सुटलेला दोरा तोडला, त्याचे दोन तुकडे केले आणि माझे लक्ष जाईपर्यंत एका हाताच्या दोन बोटांत त्यांची गाठ मारून टाकली. ओढून पाहिली, सुटली नाही. खेळाडू साच्यावरून उठला की तुटलेले धागे जोडण्याचे हे काम शेजारच्याला त्याच्या वाटणीचेही करावे लागे, एवढेच ते म्हणाले. अभिमानाच्या कथेत या शेजाऱ्याचा उल्लेख मला कुठेही आढळला नव्हता.

1907 चा प्रसंग मी जरा भारावून बोललो असेन, कारण त्यावर त्यांनी लगेच 1924 ची आठवण दिली. आदल्या वर्षी वास्को द गामा क्लबने कृष्णवर्णीय आणि कामगार खेळाडूंच्या बळावर रिओचे अजिंक्यपद जिंकले होते. ते सहन न होऊन मोठ्या क्लबांनी आमेआ नावाची वेगळी संघटना काढली आणि वास्कोने आपले 12 खेळाडू वगळावेत अशी अट घातली. वास्कोने पत्र लिहून ती धुडकावली. त्या संघटनेच्या संस्थापकांत फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोताफोगो आणि अमेरिका या रिओतल्या क्लबांच्या पंक्तीला बांगूही बसला होता. हे एका बांगूकराच्या तोंडून ऐकायला मिळाले, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

त्यानंतरचा इतिहास आम्ही चहाऐवजी उसाचा रस घेत ऐकला. बांगूत जन्मलेल्या दोमिंगोस दा गिया यांच्यासारखा बचावपटू ब्राझीलने क्वचितच पाहिला असेल. त्यांचे भाऊ लादिस्लाउ क्लबचे सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले, आणि दोमिंगोस यांचे चिरंजीव आदेमीर इथूनच पाल्मेइरास क्लबला गेले. 1933 मध्ये रिओची पहिली व्यावसायिक स्पर्धा बांगूने फ्लुमिनेन्सेला 4-0 असे हरवून जिंकली. 1950 मध्ये गिरणीमालकांनी थेट फ्लामेंगोकडून नामवंत खेळाडू झिझिन्यो यांना आणले. रिओच्याच स्पर्धेच्या 1966 च्या अंतिम सामन्यात माराकाना स्टेडियमवर बांगू फ्लामेंगोविरुद्ध 3-0 असा पुढे असताना मैदानात अशी हाणामारी झाली की सामना पुरा झालाच नाही आणि अजिंक्यपद बांगूकडे आले. पुढच्याच वर्षी हा संघ अमेरिकेत ह्यूस्टन स्टार्स या नावाने एक हंगाम खेळला.

तोवर सूत्रे गिरणीकडून कास्तोर दे आंद्रादे यांच्याकडे सरकली होती. हे गृहस्थ जोगो दो बिशोचे, म्हणजे 25 प्राण्यांवर पैसे लावण्याच्या बेकायदा सोडतीचे, बडे सूत्रधार. आपल्याकडच्या मटक्याचे थोरले भावंडच ते. त्यांच्या पैशावर बांगू 1985 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. माराकानावर कोरितिबा क्लबशी 1-1 अशी बरोबरी झाली आणि पेनल्टीत 6-5 अशी हार झाली. 1993 मध्ये न्यायालयाने आंद्रादे यांच्यासह 14 सूत्रधारांना शिक्षा सुनावली. या माणसाविषयी वस्तीत अजून माया आहे, आणि ती मला पटली नाही तरी समजली: मालक हात आखडता घेत असताना पैसा टाकणारा तो एकटाच होता.

दुपारी आम्ही मोसा बोनिता मैदानावर गेलो. 1947 चे हे मैदान गिरणीपासून एका स्थानकाच्या अंतरावर आहे आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा संघ अजून तिथेच खेळतो. ज्या संस्थेसाठी मी अहवाल करत होतो तिला केवळ इमारतीची माहिती हवी होती. मैदान विषयाबाहेरचे आहे, असे मला नंतर दोनदा कळवण्यात आले. तरीही वारसास्थळाचा नकाशा काढताना मी गिरणी, स्थानक आणि मैदान यांच्याभोवती एकच सीमारेषा आखली, कापडखात्याच्या व्यवस्थेवर दोन पाने जोडली, आणि 1907 च्या खालच्याच परिच्छेदात 1924 चीही नोंद केली.