शंभरी ओलांडलेल्या वेलीची वाइन

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. नाशिककडच्या आमच्या बागायतदार नात्यागोत्यात हा प्रश्न हमखास येतो: "आपल्याकडे बाग पंधरा-सोळा वर्षांची झाली की माल घटतो, आपण ती काढून नवी लावतो. मग स्पेनवाले शंभर वर्षांच्या वेलीची वाइन एवढ्या किमतीला कशी विकतात? आणि तू तिचं एवढं कौतुक का करतेस?"

मी ज्या वाइनचं कौतुक करते ती तोरोची. वायव्य स्पेनमध्ये, दुएरो नदीकाठी हे गाव आहे. ६०० ते ७५० मीटर उंचीचा माळ, पाऊस वर्षाला जेमतेम ४०० मिलीमीटर, म्हणजे आपल्या माण तालुक्याच्या जवळपास. जमीन मात्र बऱ्याच ठिकाणी वाळूची, आणि सगळं त्या वाळूनेच ठरवलं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा ही माव्याच्या जातकुळीतली कीड अमेरिकेतून युरोपात आली आणि मुळं शोषून मळेच्या मळे वाळवून गेली. शेवटी इलाज निघाला तो ही कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलीच्या मुळांवर, म्हणजे खुंटावर, युरोपी वेलीचं कलम करण्याचा. आपला डॉगरिजही अमेरिकन वंशाचाच खुंट. आपण तो क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी वापरतो, युरोपाने जीव वाचवायला वापरला. तोरोच्या वाळूत मात्र या किडीला मुळापासून मुळापर्यंत सरकताच येत नाही. म्हणून तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या, कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या वेली आजही फळतात.

या बागेत मांडव नाही, तार नाही. दोन वेलींत तीन-तीन मीटर मोकळी जमीन, आणि मधे गुडघ्याएवढं पिळवटलेलं खोड. खोडाच्या माथ्यावर चार-पाच आखूड फांद्या, त्यांच्या पानांच्या सावलीत मोजके घड. जात तिन्ता दे तोरो, म्हणजे तेम्प्रानियो या स्पॅनिश काळ्या द्राक्षाचंच तिथे रुळलेलं रूप. मणी लहान, साल जाड. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, त्यामुळे रसाच्या मानाने साल जास्त असणं इथे फार मोलाचं. विरळणी आपण मजूर लावून करतो. ही वेल मुळातच कमी धरते. मुळं खोल गेलेली असल्याने पाऊस दडी मारतो तेव्हाही ती एकदम कोमेजत नाही.

आपल्या बागा कमी जगतात यात शेतकऱ्याचा काहीही दोष नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. आपल्या हवेत वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोड्या बहराची छाटणी, वर्षातून दोनदा तिला फुटायला लावतो. तोरोची वेल सगळा थंडीचा काळ गाढ झोपते. शिवाय आपल्याला टनांवर माल हवा असतो.

तिथल्यांना टनांचा मोह नव्हता असं मुळीच नाही. १९८६ साली स्पेन युरोपीय समुदायात गेला, त्यानंतर वेली उपटायला अनुदानं मिळाली आणि देशभर कितीतरी जुने मळे गेले. ज्यांनी ते राखले त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पदरात चार घड टाकणारी वेल वर्षानुवर्षं जोपासायला जिगर लागते. किमतीत मी त्याचे पैसे धरते.

१९९८ मध्ये वाइन करणाऱ्या एगुरेन कुटुंबाने इथे नुमान्थिया ही वायनरी सुरू केली. रोमनांपुढे सहजी न वाकलेल्या प्राचीन नुमान्सिया नगरीवरून हे नाव. सर्वांत जुन्या वेलींची त्यांची तेरमान्थिया ही वाइन जगभर गाजली. २००८ मध्ये ही वायनरी एलव्हीएमएच या फ्रेंच समूहाने विकत घेतली. पेल्यात तेरमान्थिया जवळजवळ काळी दिसते. आधी पिकलेलं काळं फळ, मागून ज्येष्ठमध, आणि मग हिरड्यांना धरणारा पण खरखर न करणारा तुरटपणा. तरुण वेलींच्या तोरोत हाच तुरटपणा कधीकधी टोचतो. फरक मला तिथे जाणवतो.

पण लेबलवर 'जुन्या वेली' लिहिलंय म्हणून भुलू नका. वेल किती वर्षांची झाली की जुनी म्हणायची, याची संपूर्ण स्पेनला लागू अशी कायदेशीर व्याख्या नाही. वय किती, मळा कुठला, कलमी की स्वमुळाची, हे विचारा. आणि घेतलीत तर झणझणीत रश्शाबरोबर उघडू नका. मद्यांश बहुधा साडेचौदाच्या पुढेच असतो, त्यात तिखट मिळालं की नुसती जळजळ होते. तासभर आधी दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवा, सोबत मेंढीच्या दुधाचं जुनं चीज किंवा कमी मसाल्याचं भाजलेलं मटण घ्या. पहिल्यांदाच चाखणार असाल तर नुमान्थियाचीच तेर्मेस ही वाइन घ्या. ती तुलनेने तरुण वेलींची आहे आणि खिशालाही बरीच हलकी.