होडीचा फ्लोअर बदलताना: प्लायच्या कडा आधी

उजनीच्या जलाशयावरच्या छोट्या फायबर होडीत प्लायवूडचा फ्लोअर कुजतो, तो बहुतेकदा कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून. वरून रंगाचे चार हात मारून उपयोग नाही.

जुना तुकडा शक्यतो अखंड काढा, त्यावरूनच नवा आखा. १२ मिमीचा, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून आयएस ३०३ चा साधा प्लाय गळ्यात मारतात. तो कपाटाला ठीक.

स्क्रूची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर कालवून केलेलं, वाळून कडक होणारं मिश्रण) भरा, कडक झाल्यावर मधोमध बारीक भोक पाडा. म्हणजे स्क्रू लाकडाला लागतच नाही. मग प्लायला खालच्या बाजूसकट इपॉक्सीचे दोन हात, कडांना तीन.

सोलापूरच्या उन्हात प्लाय छान वाळतो, पण इपॉक्सी सकाळी लावू नका. ऊन चढतं तशी प्लायमधली हवा फुगते आणि बुडबुडे येतात. ऊन उतरल्यावर, थोडं थोडं कालवून लावा; डब्यात साचलेलं मिश्रण तापून दगड होतं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवलात तर थर मऊच राहील! थर कडक झाल्यावर वर आलेला चिकटपणा पाण्याने धुवा, मग घासून पुढचा हात. शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) रंग हवाच, नुसत्या इपॉक्सीला ऊन सोसत नाही.

फ्लोअरखालच्या आडव्या पट्ट्यांतली पाणी वाहायची भोकं मात्र बुजवू नका.