लोणंद ते तरडगाव : एका दिवसाची वारी

आषाढी वारीत एकच दिवस चालायला मिळणार असेल तर पुण्याकडचे बहुतेक जण दिवे घाट गाठतात. पण पुणे-सासवड टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास, आणि घाटात गर्दी अशी की वारकरी कुठले आणि बघे कुठले, समजत नाही. आम्ही यंदा ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव चाललो. अंतर साधारण आठ किलोमीटर, दुपारी निघायचं आणि वाटेत सोहळ्यातलं पहिलं रिंगण. नवख्या माणसाने, लहान मुलं बरोबर असणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत झालं आहे.

लोणंदला रेल्वेने यावं. पुणे-मिरज मार्गावरचं स्टेशन आहे. त्या दिवशी पालखी मार्ग गाड्यांना बंद असतो. आडवाटेने गाडी आणलीच तर संध्याकाळी तिच्यापर्यंत परतायचं कसं, हा घोर दिवसभर राहतो. प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला असलं तरी तिथीच्या वाढ-घटीमुळे लोणंदचा मुक्काम कमीजास्त होतो. म्हणून यंदाची तारीख पुढच्या वर्षी धरून चालू नका, आळंदी संस्थानचं वेळापत्रक बघूनच तिकीट काढा.

रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे. प्रत्येकीला ठरलेला क्रमांक, ठरलेली जागा. पुढे पताका, मग टाळकरी, त्यांच्यात पखवाजी आणि विणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. या ओळींत मधेच घुसून फोटो काढू नयेत. भजन चालू असताना रांग तुटली की चाल मोडते. आम्ही रथामागच्या एका दिंडीच्या विणेकऱ्यांना विचारलं, त्यांनी शेवटी चालायला सांगितलं, तसे चाललो. ‘माऊली, जरा सरा’ एवढ्या तीन शब्दांवर इथली सगळी वाहतूक चालते.

माझ्या शेजारी जिंतूरकडच्या एक आजी होत्या. युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर, हातात चिपळ्या. शेताचं विचारलं तर म्हणाल्या, “पेरलं अन् निघालो. आता त्यो बघंल.” भुरभुर पाऊस आला तसा त्यांना खोळीचा काहीच अडथळा झाला नाही, आमच्यातल्यांच्या छत्र्या मात्र पुढच्यांच्या डोक्याला लागत होत्या. छत्री आणूच नका. प्लास्टिकचं इरलं किंवा रेनकोट पुरे. चपला-बूट वापरून मऊ झालेले हवेत, आणि निघण्याआधी तळपायांना खोबरेल चोळून घ्यावं. खाण्यापिण्याचं ओझं नको, वाटेत ठिकठिकाणी चहा, केळी, पिठलं-भाकरी मिळते. पाण्याची बाटली मात्र स्वतःची ठेवा. बायकांनी लोणंद सोडण्याआधीच स्वच्छतागृह गाठावं, पुढे फिरत्या शौचालयांपुढे मोठ्या रांगा असतात. गर्दीत फोन लागत नाहीत, तेव्हा चुकामूक झाल्यास कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. रस्ता चारपदरी झाल्यापासून सावली फार कमी झाली आहे. वारीच्या वाटेवरची जुनी झाडं गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. ऊन असेल तर टोपी किंवा उपरणं लागेलच.

चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहतात, मधली वाट मोकळी होते, आणि तिच्यातून आधी स्वाराचा अश्व, मागोमाग माऊलींचा, ज्यावर कोणी बसत नाही. हे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांचे. रथाजवळ चेंगराचेंगरी होते. मागच्या दिंड्यांपाशी थांबलात तर अश्व नीट दिसतात आणि मुलंही सुरक्षित राहतात. अश्व गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला लोक वाकतात. डांबरावर कसली माती? आजींनी ओल्या रस्त्यावर तळहात टेकवला आणि तोच कपाळाला लावला.

रिंगण संपलं की बघायला आलेले बरेच जण परततात. तसं करू नका. तरडगावच्या तळावरची समाजआरती बघितल्याशिवाय हा सोहळा चालतो कसा ते कळत नाही. पालखीभोवती सगळ्या दिंड्या उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड उंचावतो आणि सगळं जागच्या जागी थांबतं. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात. हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, मग आरती. लाउडस्पीकर नव्हते तेव्हापासून लाखोंचा हा समाज असा शिस्तीत चालत आला आहे.

आरतीनंतर एसटीचा भरवसा धरू नका. एखाद्या दिंडीत आधी बोलून, भिशी (दिंडीतल्या जेवणखर्चाची वर्गणी) भरून राहुटीत मुक्काम केलात तर उत्तम. पांघरूण आणि बॅटरी आपली न्यावी. नाहीतर चारपाच जणांनी मिळून आलेल्या रस्त्याने लोणंदला चालत परतावं आणि स्टेशनाजवळ थांबून सकाळची गाडी धरावी.