गळालेलं गंधक

एकाच स्फटिकातून चिकटपट्टीने सोललेले मॉलिब्डेनम डायसल्फाइड या अर्धवाहकाचे दोन एकथरी तुकडे. एकातून करंट छान वाहतोय. दुसरा, गेट व्होल्टेज (करंट चालू-बंद करणारा बाहेरचा दाब) कितीही वाढवा, ढिम्म!

दुपारभर प्रोब, म्हणजे मोजणीची सुई, उचल, टेकव. वायरींना शिव्याही घालून झाल्या. मग ज्युनिअर सहज म्हणाली, "दादा, याचं गंधक जास्त गळालं असेल."

एक थर म्हणजे जेमतेम ०.६५ नॅनोमीटर. मध्ये मॉलिब्डेनम, वर-खाली गंधक, बस्स. त्यातला गंधकाचा एखादा अणू निसटला की त्या रिकाम्या जागी इलेक्ट्रॉन अडकतात, वाटेत अडखळतात. करंट आत-बाहेर नेणारा धातूचा जोडही अशाच खोडींमुळे बिघडतो. जाड सिलिकॉनमध्ये पृष्ठभागापासून दूर आत पळायला जागा असते. इथे सगळा पृष्ठभागच.

तिचं म्हणणं अजून तपासलेलं नाही. पण मी आधी वायरींवरच का घसरलो?