चौथा बोअर आणि ‘अविचारी’ या एका शब्दावरचे ओझे

गेल्या आठवड्यात अकरावीच्या एका मुलीने वही पुढे करून विचारले, “सर, रॅश, रेकलेस, इम्प्रूडंट, फूलहार्डी, चारही शब्दांपुढे गाइडात अविचारीच लिहिलंय. मग इंग्रजांनी चार शब्द ठेवले कशाला?” तास संपत आला होता, म्हणून मी “छटा वेगळ्या आहेत” असे सांगून वेळ मारून नेली. जालन्याहून गावाकडे येणाऱ्या बसमध्ये मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण या चारांपैकी एका शब्दाने मला माझ्याच घरात एकदा गप्प बसवले होते.

चुकीचा निर्णय घेणाऱ्या माणसापाशी नेमके काय कमी पडले, यावर इंग्रजी आपला शब्द ठरवते. थांबून विचार करायला ज्याने वेळच घेतला नाही, तो रॅश. जर्मन भाषेत याच शब्दाच्या भावंडाचा अर्थ आजही ‘झटपट’ एवढाच आहे आणि आपला ‘उतावळा’ त्याच्या अगदी जवळ जातो. इम्प्रूडंटच्या पोटात जो लॅटिन शब्द आहे, तो ‘पुढचे पाहणारा’ या अर्थाच्या शब्दाचे आखूड रूप आहे, म्हणजे तिथे दूरदृष्टी नाही. फूलहार्डी जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याला ‘फाजील धाडस’ याहून चांगला प्रतिशब्द शोधण्याची गरज नाही. या चारांबाहेरचा इल-अ‍ॅडव्हाइज्ड हा मात्र मोठा सभ्य शब्द आहे. त्यात निर्णय घेणाऱ्याला दोष न देता तो त्याच्या सल्लागारांच्या पदरात टाकण्याची सोय आहे, आणि म्हणूनच तो साहेबाच्या निर्णयाबद्दल लिहिताना वापरतात, शिपायाच्या नव्हे.

राहिला रेकलेस. ‘रेक’ म्हणजे काळजी करणे, फिकीर बाळगणे. हे क्रियापद इंग्रजीतून जवळजवळ नाहीसे झाले आणि त्याचा अभाव दाखवणारा शब्द तेवढा मागे उरला. 2013 च्या उन्हाळ्यात, जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या तेव्हा, माझ्या वडिलांनी तीन बोअर कोरडे गेल्यावर चौथ्यासाठी गाडी बोलावली. वडिलांच्या तोंडावर ‘हा मूर्खपणा आहे’ असे म्हणण्याची आमच्या घरात रीत नाही, म्हणून मी पगारी माणसाच्या तोऱ्यात इंग्रजीचा आडोसा घेतला आणि “दादा, हे रेकलेस आहे,” असे म्हणालो. त्यांनी अर्थ विचारला. मी ‘बेफिकीर’ असे सांगितले. “फिकीर होती म्हणूनच तर गाडी बोलावली ना,” एवढेच बोलून ते बोअरवाल्याला जागा दाखवायला निघून गेले. शब्दाची व्युत्पत्ती मी पुढे बऱ्याच वर्षांनी वाचली, पण तिच्याविरुद्धचा पुरावा मला त्याच दिवशी मिळाला होता.

कायद्याच्या भाषेतही हा घोटाळा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम 279 मध्ये, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 मध्ये, बेदरकार वाहन चालवण्यासाठी ‘रॅश’ आणि ‘निग्लिजंट’ असे दोन वेगळे शब्द आहेत; पहिल्यात धोका दिसत असूनही पुढे जाणे आहे, दुसऱ्यात घ्यायला हवी ती खबरदारी न घेणे आहे. आपल्याकडच्या फिर्यादीत मात्र ‘हयगयीने व निष्काळजीपणाने’ असे ठरीव वाक्य येते, ज्यात एकच दोष दोनदा सांगितला जातो आणि दुसरा राहून जातो.

याचा अर्थ मराठी तोकडी आहे असा कोणी काढू नये, कारण तोकडे आहे ते गाइड. मूर्खपणाची इतकी बारकाईने मोजदाद करणारा ग्रंथ आमच्याच जिल्ह्यातल्या जांब गावी 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी लिहिला आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. स्वतःची स्तुती करणारा, कारण नसताना हसणारा, इतकेच काय, वाचताना अक्षरे गाळणारा आणि पुस्तकाची निगा न राखणारासुद्धा त्यात सापडतो. (शेवटच्या दोन लक्षणांत माझा अर्धा वर्ग बसतो.) त्याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्ख वेगळा काढला आहे, आणि त्याच्या तोडीचा सुटसुटीत शब्द मला इंग्रजीत सापडलेला नाही. उलट आपला ‘दीडशहाणा’ आणि इंग्रजीतला ‘टू क्लेव्हर बाय हाफ’ हे मात्र एकाच मापाने मोजलेले दिसतात. जास्तीचे शहाणपण दोन्हीकडे नेमके अर्धेच आहे.

मराठवाड्याने या शब्दसंग्रहात स्वतःची भरही घातली आहे. 1327 च्या सुमारास मुहंमद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली, काही वर्षांतच परत नेली, आणि ‘तुघलकी’ हे विशेषण मागे राहिले. मला त्या विशेषणात थोडा अन्याय दिसतो, कारण दक्षिणेवर पकड ठेवायला मध्यावरची जागा हवी हा विचार उतावळेपणाचा नव्हता; फसला तो त्याचा अंमल. मात्र याच सुलतानाचा एक दात बीड भागात पडला आणि त्याने तो समारंभाने पुरून वर कबर बांधवली, असे इतिहासकार फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे. इंग्रजीत ‘फॉली’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, मूर्खपणा आणि जमीनदारांनी हौसेखातर बांधलेली निरुपयोगी इमारत. दाताच्या कबरीला दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडावेत, ही गंमत मी वर्गात न चुकता सांगतो.

त्या मुलीला सोमवारी मी चारही शब्द नीट समजावून सांगितले आणि प्रत्येकाचे एकेक वाक्य घरच्या उदाहरणावरून लिहून आणायला सांगितले. रेकलेससाठी फळ्यावर वाक्य देताना मी दारू पिऊन ट्रॅक्टर चालवणारा माणूस निवडला. चौथा बोअर मनात आला होता, पण तो मी खोडला. त्या बोअरला साडेचारशे फुटांवर दोन इंच पाणी लागले, बाग त्या उन्हाळ्यात तगली, आणि गावाने वडिलांच्या निर्णयाला ‘हिंमत’ म्हटले. दोन वर्षांनी तो आटला, तेव्हा तीच माणसे काय म्हणाली ते वडिलांनी मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.